चरवीतलं तेल

१

तुमच्या डोक्याला शेवटचं तेल कुणी लावलं, आठवतं का तुम्हाला? आपलं आपण लावतो ते सोडा. कुणीतरी पुढ्यात बसवून, टाळूवर थापून, मान वाकवून लावलेलं. बहुतेकांना आठवत नाही. हे शेवटचं आहे असं म्हणून कुणी लावत नाही ना.

दिंद्रुडच्या वर्षाराणीला मात्र पक्कं आठवत होतं, कारण लावणारी तीच होती. थोरली लेक संस्कृती अंगात कणकण घेऊन घरभर हिंडत होती. सकाळी म्हणाली, "आई, डोकं लई जड झालंय, जरा तेल घाल." वर्षाराणीनं तिला पुढ्यात घेतलं. संस्कृतीच्या टाळूवर दोन भोवरे होते. त्यामुळं तिचा भांग कधी सरळ पडायचा नाही, आणि "दोन भोवऱ्याची पोर, दोन नवरे करील" म्हणून सगळं घर तिला चिडवायचं. त्या दोन भोवऱ्यांमधून बोटं फिरवत वर्षाराणी काहीबाही बोलत होती. बोलता बोलता पोरीची मान तिच्या गुडघ्यावर कलंडली. तिला वाटलं, झोपली. म्हणून ती तशीच तेल चोळत राहिली. दवाखान्यात नेईपर्यंत ताप डोक्यात गेला होता; पोर हाती लागली नाही.

तेव्हापासून वर्षाराणीचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. भाकरी व्हायची, धुणं व्हायचं. पण कुणाच्या डोक्याकडं हात न्यायचा म्हटलं, की खांद्यात कुणी खुंटी ठोकल्यासारखा तो जागीच थांबायचा. फोटो काढले, सुया झाल्या. हाडात काही नाही, असं सगळे डॉक्टर म्हणाले.

धाकटी वैष्णवी सातवीतून आठवीत जाणार होती. तिला एकच भोवरा, केस सरळ, भांग दोरीनं आखल्यासारखा पडणारा. पण तो पाडायला आई नव्हती. एके दिवशी नणंद छबुबाई गेवराईहून आली, पोरीला उन्हात बसवून तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि उठताना म्हणाली, "वर्षे, मी वाईट बोलत न्हाई. पर शाळा सुरू व्हायच्या आत तुजा हात बरा झाला तर झाला. न्हाईतर पोरीला मी नेते. माज्याकडं शाळा जवळ हाय."

 नणंदेचं चूक नव्हतं.

मग नवऱ्यानं, गहिनीनाथनं, कुणाकडून तरी डोंगरातल्या एका वैद्याच्या जागेचा पत्ता आणला. तेल, वाफारा, पथ्य. शरीर धुतं आणि मनही धुतं, असं सांगणाऱ्यानं सांगितलं होतं. सोडायला वैष्णवीही गाडीत बसून आली.

"हात नीट करूनच ये," ती म्हणाली. "आत्या लई वढून वेणी घालती. डोळे वर जात्यात माजे."

"जाऊ दे की," गहिनीनाथ म्हणाला. "फळ्यावरचं तरी दिसंल."

२

मांजरसुंब्याच्या ढाब्यांचा गलका मागं राहिला, की एक कच्चा रस्ता डोंगरात शिरतो. सीताफळीच्या झाडांमधून वर गेलं की खोल्यांची एक ओळ होती. जमिनी सारवलेल्या, पडवी लांबलचक, आणि पडवीच्या टोकाला बिनखिडकीची एक खोली. तिला तिथं तेलघर म्हणायचे.

वैद्य आप्पाराव मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ नाडी धरली.

"हातात काही नाही, ताई. हातावर काहीतरी बसलंय. तेलानं ते सुटेल, वाफेनं पातळ होईल आणि बाहेर येईल."

"काय बाहेर येईल?"

"जे जड होतंय ते."

तिथला दिवस ठरलेला. अनाशापोटी कडू तूप, मग मालिश, मग डोकं तेवढं बाहेर ठेवून लाकडी पेटीत वाफारा, मग मुगाची पेज, मग पडून राहायचं. मालिश भिवराबाई करायची. तिचे हात पाटासारखे रुंद, आणि बोलणं मोजकं. पहिल्या सकाळी तिनं वर्षाराणीच्या पदराचा एक दोरा उसवून घेतला आणि एका पितळी चरवीच्या गळ्याला बांधला.

"ही तुमची."

मालिश झाल्यावर अंगावरचं तेल ती हाताच्या कडेनं निपटून घेई, फडक्यातून गाळून पुन्हा चरवीत सोडी.

"उद्या हेच लावायचं?"

"रोज हेच. तुमचं तेल तुमालाच. एकाच्या अंगाचं तेल दुसऱ्याच्या अंगाला लावायचं न्हाई. येवढं सोडलं तर हितं कसला नेम न्हाई."

शेजारच्या खोलीत गेवराईच्या ताराबाई होत्या. त्यांचे मालक राजकारणातले. घरात पायलीनं माणसं जेवलेली. बाई बोलायला लागल्या की पडवी भरून जायची.

"आमच्यात भज्याचं तेल बी कुणी येवढं जपत न्हाई," त्या म्हणायच्या. "आन् ह्ये तूप! लेकीच्या लग्नात पंगतीला येवढं वाढलं असतं, तर एक सोयरा रुसला नसता."

"तुमी कशापायी आलात, मावशी?"

ताराबाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली. "मालक गेले, पर त्यांचा खोकला काय गेला न्हाई बघ. डोळा लागला की उशाला खोकत्यात. आधी बारीक, बारीक, आन् मग एक मोठा. वाळूचा ट्रॅक्टर चढाला लागावा तसा. लोकं म्हणत्यात, भास हाय. आसंल. पर उठून पाणी द्यायला जाते ना मी."

त्या हसल्या. वर्षाराणीला हसू आलं नाही.

३

घरात तेलाचा डबा किती उतरला, हे झाकण न उघडता जिला कळतं, तिच्या डोळ्यातून ते सुटणार कसं?

पहिल्या दिवशी चरवीतलं तेल गळ्याच्या बरंच खाली होतं. अंगात तेल मुरतं, फडक्याला लागतं, जमिनीवर सांडतं. म्हणजे ते रोज उतरायला हवं. ते उतरत नव्हतं. वर्षाराणीनं स्वतःची समजूत घातली: गरम केलं की तेल फुगतं. मग वाटलं, भिवराबाई वरून भर घालत असेल, चांगलंच आहे. तरी एका सकाळी, भिवराबाई फडकं पिळत होती तेवढ्यात, तिनं कपाळावरचं कुंकू बोटावर घेतलं आणि चरवीत आतल्या बाजूनं, तेलाच्या काठाला लावून ठेवलं.

दुसऱ्या सकाळी कुंकवाचं बोट तेलाखाली होतं.

"भिवराबाई, तुमी वरनं तेल घालता का?"

"न्हाई."

"मग वाढतंय कावून?"

भिवराबाईचे हात तिच्या पाठीवर तसेच फिरत राहिले. "वाढत न्हाई, बाई. निघतंय."

त्या दिवसापासून तेलाला वास येऊ लागला. आधी तो तिळाचा आणि कडू पाल्याचा होता. आता त्यात कपाळाला चोळायच्या बामचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक, तापानं भिजलेल्या केसांचा. वर्षाराणीनं डोळे मिटून घेतले. वाफाऱ्यात बसल्यावर तिच्या खांद्यातून काहीतरी सुटून खाली घसरल्यासारखं झालं.

दुपारी पडल्या पडल्या डोळ्यावरची माशी हाकलायला तिनं हात उचलला, आणि हात उचललेलाच राहिला. डोक्याच्या वर, हवेत. ती त्याच्याकडं बघत राहिली. आनंदानं तिला रडू फुटलं. डोळे पुसताना ध्यानात आलं, की आज उठल्यापासून एकदाही संस्कृतीची आठवण आली नव्हती.

४

ताराबाईंची जायची वेळ आली. जाण्याची तिथं एक रीत होती. शनिवारी वाटीतल्या तेलात तोंड बघून ते शनिदेवाला वाहतात ना, तसं ज्यानं त्यानं आपल्या चरवीत तोंड बघायचं, चरवी तिथंच ठेवायची आणि मागं न बघता चालू लागायचं.

ताराबाई चरवीवर वाकल्या. भिवराबाईनं चरवी उचलून तेलघरात नेली. ताराबाई ताठ उभ्या राहिल्या. चेहरा असा गुळगुळीत झाला होता, जणू इस्त्री फिरवलीय.

"काय झोप लागली गं रात्री! कूस बी बदलली न्हाई."

"आन् मालक?" वर्षाराणीनं हळूच विचारलं.

"मालकाचं काय?" ताराबाई म्हणाल्या. "गेले की बिचारे." शेजारच्या गावातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलल्या.

जीप चालू झाली. ताराबाई एक पाय वर टाकून बसत होत्या, तेवढ्यात पडवीच्या टोकाकडून आवाज आला. आधी बारीक, बारीक, आणि मग एक मोठा, लांबलेला, चढाला लागलेला.

वर्षाराणीच्या हातातली वाटी सांडली.

ताराबाईंनी कपाळाला आठी घातली. "कोण खोकतंय गं येवढं? औषध द्या म्हणावं कुणीतरी."

आणि मागं न बघता त्या गेल्या.

५

कुणीतरी नवीन पेशंट असेल. वर्षाराणीनं दिवसभर हेच स्वतःला सांगितलं. मग सगळ्या खोल्यांत डोकावून आली. खोकणारं कुणी नव्हतं.

भरदुपारी सगळे पडले होते तेव्हा ती तेलघरापाशी गेली. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. आत फळ्यांवर चरव्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, खालपासून पार आढ्यापर्यंत. काहींचे दोरे कुजून पडले होते. दारातून येणाऱ्या उजेडात सगळ्यांचं तेल काठोकाठ दिसत होतं, आणि एकाही तेलावर धूळ नव्हती.

खोली गप्प होती. पण झोपलेल्या माणसांनी भरलेली खोली जशी गप्प असते, तशी.

आपली चरवी तिला पदराच्या दोऱ्यावरून सापडली. तिनं हात लावला आणि मागं घेतला. चरवी गरम होती. आजूबाजूला चूल नाही, शेगडी नाही, उन्हाची तिरीप नाही. शेजारच्या चरव्या गार होत्या.

मग तिनं जे केलं ते कुठलीही आई करेल. तिनं हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू चरवीच्या पोटाला लावली. तसंच पोराचं कपाळ बघतात.

एवढा ताप तिच्या हाताला एकदाच लागला होता.

"तेल लाव गं आई," असं कुणी म्हणालं नाही. काहीच आवाज झाला नाही. फक्त तेलाचा पृष्ठभाग एका बाजूला कलला, जशी मान कलते, आणि चरवी जागची हलली नव्हती.

६

निघायच्या सकाळी आप्पारावांनी तिचा हात वर करून बघितला, खाली करून बघितला. "आता तोंड बघा, ताई. आणि सुखानं घरी जा."

"हे तेल... मी घरी नेलं तर?"

"जे टाकायला आलात ते परत न्यायचं?" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "ते इथंच बरं असतं."

वर्षाराणी चरवीवर वाकली. तिला तिचं तोंड दिसलं नाही. काळे, दाट, ओले केस दिसले. पुढ्यात बसलेल्या पोरीचं डोकं वरून दिसतं तसे. भांग वाकडा होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन भोवरे.

ती किती वेळ बघत होती कोण जाणे.

"देवाचं नाव घेऊ द्या एकटीला," ती म्हणाली. आप्पाराव पडवीत गेले. तिच्या पिशवीत खोबरेल तेलाची रिकामी बाटली होती. तिचा हात आता अडत नव्हता. त्या चांगल्या झालेल्या हातानं तिनं बाटली भरली. एवढंसंच, ती स्वतःला म्हणाली. लावायला नाही. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवायला. ताराबाईंसारखं व्हायला नको म्हणून. भिवराबाई चरवी न्यायला आली, तेव्हा बाटली कपड्यांखाली गेली होती.

भिवराबाईनं चरवी उचलली आणि हातात तोलून बघितली. मग पिशवीकडं बघितलं.

"बाई, पिशवी जड दिसती."

"कपडे हायत."

 भिवराबाईनं पदरानं आपले दोन्ही हात पुसले, बोटान् बोट, आणि गाडी जाईपर्यंत पुसत राहिली.

७

घरात सणासारखं झालं. वर्षाराणीनं वरच्या फळीवरचा डबा हात उंचावून काढून दाखवला आणि वैष्णवीनं टाळ्या पिटल्या. गहिनीनाथनं तिथल्या तिथं बहिणीला फोन लावला. "आक्का, पोरगी हितंच ऱ्हाती. व्हय, व्हय, हात पार आभाळाला लागलाय." पलीकडून छबुबाई म्हणाली, "तरी मी सकाळी येते. डोळ्यांनी बघते."

वर्षाराणी हसत होती. तिला हलकं वाटत होतं. सुगीनंतर शेत मोकळं दिसतं, तसं आत सगळं मोकळं. संध्याकाळी वैष्णवी दप्तराचा जुना कप्पा रिकामा करत होती. "आई, ही ताईची पट्टी. मी वापरू?"

"कुणाची?" वर्षाराणी म्हणाली.

वैष्णवी तिच्याकडं बघत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "ताईची गं."

वर्षाराणीनं आठवायचा प्रयत्न केला. नाव होतं. फोटो भिंतीवर होता, त्याला हार होता. पण ते सगळं दुसऱ्याच्या घरातल्यासारखं होतं. ती घाईघाईनं उठली, कोनाड्यातली बाटली काढली आणि झाकण उघडलं. बाटली ऊबदार होती. तिनं तळहातावर थोडंसं तेल ओतलं, नुसतं हुंगायला.

आणि सगळं परत आलं. बामचा वास, भिजलेले केस, गुडघ्यावरचं डोकं, "आई, डोकं लई जड झालंय." ती तिथंच खाली बसली. डोळे वाहू लागले. रडत असूनही तिला वाटलं, आलीस गं बाई, आलीस.

वैष्णवीनं बघितलं ते एवढंच: आईच्या हातावर तेल आहे. किती दिवसांनी! तिनं रबर सोडलं, केस मोकळे केले आणि आईच्या पुढ्यात पाठ करून बसली.

"दिवे लागले. आता केस सोडू न्हाईत," वर्षाराणी म्हणाली. 

"कायतरीच तुजं! लाव ना."

हातावर घेतलेलं तेल पुन्हा बाटलीत ओतत नाहीत. तिच्या आईनं तिला हेच शिकवलं होतं. ते पदराला पुसता आलं असतं. मातीत टाकता आलं असतं. भिवराबाईचे शब्द तिला आठवत होते, सगळेच्या सगळे. पण तेलातून तो वास येत होता, आणि ते पुसलं तर पुन्हा 'कुणाची' असं विचारावं लागलं असतं.

वैष्णवीनं मागं हात करून तिचं मनगट धरलं आणि आपल्या टाळूवर ठेवलं.

वर्षाराणीनं हात काढून घेतला नाही.

तिनं तेल मुरवलं. हळूहळू, बोटांच्या टोकांनी. पोरगी सुखानं डुलत होती. मध्येच म्हणाली, "आई, तेल किती गरम हाय गं." मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.

गहिनीनाथ दारातून बघत होता. बायको लेकीच्या डोक्याला तेल लावतेय, हे बघून त्यानं उपरण्यानं डोळे टिपले आणि तो बाहेर गेला.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाई पहिल्या गाडीनं आली आणि म्हणाली, "माज्या देखत घाल वेणी." वर्षाराणीनं फणी घेतली. वैष्णवीचा भांग सरळ पडेना, कारण तिच्या टाळूवर दोन भोवरे होते, आणि अंगाला हात लावला तर तिला ताप होता.